केसपेपर, फोन आणि संध्याकाळची मीटिंग

नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या फाटकातून आत जाणारा प्रत्येक जण रुग्णाला घेऊन आलेला असतो असं नाही. काहींच्या हातात फुलं असतात, अगरबत्तीचा पुडा असतो. ही मंडळी ताजुद्दीन बाबांसाठी आलेली. कामठीत १८६१ साली जन्मलेल्या या सूफी संताला इंग्रजी अमलदारांनी १८९२ मध्ये वेडा ठरवून इथे डांबलं. बाबा इथे सोळा वर्षं राहिले आणि त्यांच्या भेटीसाठी वेड्यांच्या इस्पितळाच्या दाराशी माणसं जमू लागली. १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना सोडवून शक्करदऱ्याच्या वाड्यात नेलं. आवारातल्या त्यांच्या स्थानावर आजही सर्व धर्मांचे भाविक माथा टेकतात.

त्याच आवारात बाह्यरुग्ण विभाग आहे. नैराश्य, संशयाचे आजार, झोप उडणं, दारू न मिळाल्यावर होणारी थरथर, हे सगळं तिथे तपासलं जातं. तरीही घरातला मुलगा तऱ्हेवाईक वागू लागला की कुटुंब आधी अंगारा आणतं, मग ओळखीच्या फॅमिली डॉक्टरकडे जातं, मग कुणीतरी सांगितलेल्या खासगी केंद्रात दागिने मोडून पैसे भरतं आणि सगळं करून थकल्यावर ‘पागलखान्या’त येतं. म्हणजे सगळ्यात स्वस्त दार सगळ्यात शेवटी उघडतं. स्वस्त मदत शोधण्याचं निम्मं काम हा क्रम उलटा करण्यात आहे.

मदतीची गरज किती जणांना आहे, याचा अंदाज दोन मोठ्या सर्वेक्षणांतून येतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर शंभर प्रौढांपैकी दहा-अकरा जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं आढळलं. दारूच्या विकाराने ग्रासलेल्यांपैकी शेकडा ८६ जणांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. दिल्लीच्या ‘एम्स’ने केंद्र सरकारसाठी केलेला व्यसनांचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार देशात साधारण १६ कोटी लोक दारू पितात आणि पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना त्यासाठी मदतीची गरज आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकाने उपचार घेतल्याचं सांगितलं. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारा १८० जणांमागे एक निघाला.

चिठ्ठी कुठे काढायची

नागपूर या बाबतीत नशीबवान शहर आहे. १८६४ मध्ये सुरू झालेलं इथलं मनोरुग्णालय राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे. बाकीची तीन ठाणे, पुणे आणि रत्नागिरीला आहेत. मंजूर खाटा ९४०. त्याशिवाय मेडिकल आणि मेयो या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आणि मिहानमधल्या ‘एम्स’मध्ये मानसोपचार विभाग आहेत. एकाच शहरात एवढी सरकारी दारं असण्याचं भाग्य विदर्भातल्या दुसऱ्या जिल्ह्यांच्या वाट्याला आलेलं नाही. म्हणूनच भंडारा, गोंदियापासून पार छिंदवाडा, बालाघाटपर्यंतचे रुग्ण इथे येतात.

या दारांमध्ये एक फरक आहे आणि तो माहीत असला तर पैसे वाचतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. प्राथमिक आरोग्य केंद्रं, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं त्यात येतात. प्रादेशिक मनोरुग्णालयही याच विभागाचं. मेडिकल आणि मेयो मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहेत. तिथे केसपेपरचे आणि काही तपासण्यांचे पैसे लागतात, पण खासगीच्या मानाने ते किरकोळच. थायरॉइडचा बिघाड, मेंदूला मार, फिट येणं असं काही मानसिक त्रासात मिसळलेलं असेल तर मेडिकलला गेलेलं बरं, कारण बाकीचे सगळे विभाग एकाच छताखाली सापडतात.

पहिल्या भेटीला काय होतं, याची भीती बहुतेकांना नाहक असते. चिठ्ठी काढायची, रांगेत थांबायचं, डॉक्टर रुग्णाशी आणि सोबत आलेल्याशी बोलतात. दाखल करून घेणं हा अपवाद असतो. बहुतेक जण गोळ्या आणि पुढची तारीख घेऊन त्याच दिवशी घरी जातात. सोबत आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि घरातला असा एक माणूस असावा, ज्याला रुग्णाची झोप, जेवण आणि पिणं यांचा खरा हिशेब ठाऊक आहे. शेजाऱ्यापेक्षा बायको किंवा आई बरी. पुरुष रुग्ण डॉक्टरांपुढे पेल्यांचा आकडा हमखास निम्म्यावर आणतात.

काटोल, नरखेड, भिवापूर किंवा कुहीच्या माणसाला दर महिन्याला नागपूरला यायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि एका दिवसाची मजुरी बुडते. खरं तर औषधापेक्षा हाच खर्च मोठा, आणि उपचार मध्येच सुटण्याचं कारणही बहुतेक वेळा हाच. १९९६ मध्ये सुरू झालेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्यासाठीच आहे. मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवा कार्यकर्ते आणि परिचारिका यांचं पथक तालुक्याच्या रुग्णालयांत ठरलेल्या दिवशी येतं. नागपूरचं मनोरुग्णालय आणि इथला जिल्हा कार्यक्रम यांच्या सुधारणेसाठी टाटा ट्रस्ट्सने राज्य सरकारबरोबर ‘उडान’ हा उपक्रमही चालवला. पथकाचा वार कोणता, हे ग्रामीण रुग्णालयात किंवा आशाताईला विचारलं की कळतं.

कायदाही बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २०१८ मध्ये लागू झाला. त्याच्या कलम १८ ने सरकारी खर्चाच्या मानसिक उपचारांना हक्काचा दर्जा दिला. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला उपचार मोफत मिळाले पाहिजेत, मग त्याच्याकडे कार्ड असो वा नसो, असं हे कलम स्पष्ट सांगतं. बेघर आणि निराधारांनाही तेच लागू. साखळीने बांधून ठेवण्यावर याच कायद्याने बंदी आणली. आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असं गृहीत धरून त्याची काळजी घेण्याची जबाबदारीही कायद्याने सरकारवर टाकली आहे. तेव्हा पोलिसांच्या भीतीने अशा माणसाला घरात लपवून ठेवण्याचं कारण उरलेलं नाही.

दारूचे पहिले तीन दिवस

व्यसनाच्या बाबतीत क्रम चुकला तर पैशाबरोबर जीवही जातो. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीला तोंड देण्यासाठी स्वतःला कायम चेतवलेल्या अवस्थेत ठेवायला शिकतो. दारू एकदम थांबली की गुंगी जाते आणि चेतना तेवढी उरते. काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भास होतात, दिवस-रात्रीचं भान सुटतं, ताप चढतो. ही अवस्था उपचारांविना प्राणघातक ठरू शकते. ‘खोलीत कोंडा, चार दिवसांत उतरेल’ हा घरगुती सल्ला म्हणूनच धोक्याचा. रोज पिणाऱ्याची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवायची असते. थरथर आणि फिट रोखणाऱ्या गोळ्या, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, पाणी आणि क्षार एवढ्यावर बहुतेक जण आठवडाभरात सावरतात. हे सगळं सरकारी रुग्णालयात होतं.

भिंतीभिंतींवर दुसरीच जाहिरात असते: रुग्णाला न सांगता दारू सोडवा. ही पुडी भाजीत किंवा चहात कालवायची असते. अशा पुड्यांत बऱ्याचदा डायसल्फिरामसारखं औषध निघतं. दारू शरीरात गेल्यावर तिचं ॲसिटाल्डिहाइड बनतं आणि यकृत ते पुढे मोडून टाकतं. डायसल्फिराम ही मोडतोड अडवतं. मग प्यायल्याबरोबर चेहरा लाल होतो, छातीत धडधडतं, ओकाऱ्या होतात, रक्तदाब कोसळतो. डॉक्टर हे औषध रुग्णाला सगळं समजावून, हृदय आणि यकृत तपासून, त्याच्या संमतीने देतात आणि तेव्हा ते उपयोगी पडतं. चोरून दिलं तर हृदयविकाराच्या रुग्णाचा जीव जाऊ शकतो. आणि हे उघडकीला आलं की तो माणूस घरातलं अन्न खायलाही घाबरतो.

शरीर सावरलं तरी खरं काम पुढे असतं आणि ते पुनर्वसन केंद्रात होतं. पुण्याचं ‘मुक्तांगण’ हे महाराष्ट्राला सगळ्यात परिचित उदाहरण. डॉ. अनिता (सुनंदा) अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ते सुरू केलं. सुरुवातीची देणगी पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंची. तिथला ३५ दिवसांचा उपचार, व्यसनातून बाहेर पडलेल्यांनीच केलेलं समुपदेशन आणि बायकांसाठीचा ‘सहचरी’ गट यांचा कित्ता राज्यातल्या अनेक केंद्रांनी गिरवला. विदर्भाने आणखी एक वाट काढली. १९९३ पासून दारूबंदी असलेल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने सरकार आणि टाटा ट्रस्ट्सच्या साथीने २०१६ मध्ये ‘मुक्तिपथ’ सुरू केला. गावोगावी संघटना बांधायच्या आणि व्यसनउपचाराचे दवाखाने तालुक्यापर्यंत न्यायचे, असा त्याचा आराखडा.

नागपूरच्या आसपास व्यसनमुक्ती केंद्रांच्या पाट्या पुष्कळ दिसतात. त्यांचा दर्जा मात्र सारखा नाही. पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. मानसिक आरोग्य सेवा कायद्याखालची नोंदणी आहे का? डॉक्टर कोण आणि किती वेळा येतात? घरच्यांना भेटू देतात का? बाहेर पडल्यावर पाठपुरावा किती महिने आहे? मारहाण, कोंडून ठेवणं किंवा महिनोन्‌महिने फोनबंदी हा उपचाराचा भाग असल्याचं कुणी सांगत असेल तर तिथून उठावं. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर स्वयंसेवी संस्था चालवतात त्या एकात्मिक पुनर्वसन केंद्रांत उपचार मोफत असतात. आपल्या जवळचं असं केंद्र मंत्रालयाच्या १४४४६ या मोफत हेल्पलाइनवर विचारता येतं.

‘एमडी’ (मेफेड्रोन) किंवा गांजाच्या नादी लागलेल्या पोराचे आई-बाप दवाखान्यात जायला वेगळ्याच कारणाने कचरतात: केस होईल. अमली पदार्थविरोधी कायद्यातच त्यावर तोड आहे. कलम ६४-अ नुसार स्वतःच्या सेवनासाठी किंवा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात स्वेच्छेने पूर्ण उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट टाकले तर ते काढूनही घेता येतं.

आणि खर्रा? त्याला नागपुरात व्यसन म्हणण्याचीच पद्धत नाही. पन्नीत घोटलेली सुपारी, तंबाखू आणि चुना ऑफिसच्या टेबलावरून हातोहात फिरतात. २०१६-१७ च्या जागतिक तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले शेकडा २६.६ प्रौढ तंबाखू वापरताना आढळले. त्यातला मोठा वाटा चघळण्याच्या तंबाखूचा. ती सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे.

पदवी नसलेले समुपदेशक

भारतात एक लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. या आकड्याकडे बघून हताश व्हायचं की डॉक्टरांचं कोणतं काम दुसऱ्याला शिकवता येईल ते शोधायचं, हा प्रश्न होता. गोव्यातल्या ‘संगत’ या संस्थेने दुसरी वाट धरली. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ती सुरू केली. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशनाला बसवलं. नैराश्यासाठी सहा ते आठ भेटी. त्यांत रुग्णाने सोडून दिलेली रोजची कामं आणि माणसं एकेक करून परत जोडायची. प्रमाणाबाहेर पिणाऱ्या पुरुषांसाठी एक ते चार भेटी: कधी, कुणाबरोबर आणि कशामुळे पितो याचा हिशेब मांडायचा आणि नाही म्हणायचा सराव करायचा. निकाल ‘लॅन्सेट’मध्ये आले. तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर पडलेले रुग्ण समुपदेशनाच्या गटात शेकडा ६४ होते, नुसत्या नेहमीच्या उपचारांच्या गटात ३९. दारूच्या बाबतीत हे आकडे ३६ आणि २६ निघाले. पूर्ण व्यसनाधीन झालेल्यांना या प्रयोगात घेतलेलं नव्हतं. त्यांना दवाखाना लागतोच.

हाच विचार विदर्भात ‘विश्राम’ या नावाने आला. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘संगत’, नागपूरची ‘प्रकृती’ आणि इतर संस्थांनी टाटा ट्रस्ट्सच्या मदतीने तो चालवला. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांनी काळवंडलेला हा मुलूख. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन ताण आणि नैराश्याबद्दल बोलायचं, धीर द्यायचा आणि गरज पडली तर समुपदेशकाकडे आणि तिथून डॉक्टरकडे पाठवायचं, अशी पायऱ्यांची रचना. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे सुरुवातीला शेकडा ४.३ होते, दीड वर्षाने ते २७.२ झाले. डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. तिकडे झिंबाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी वस्तीतल्या आज्यांना शिकवून दवाखान्याबाहेरच्या बाकांवर बसवलं; त्या बाकांचे चांगले परिणामही २०१६ मध्ये शास्त्रीय चाचणीतून समोर आले. गावकऱ्याच्या भाषेत बोलणारं जवळचं माणूस हा स्वस्त उपचाराचा पाया आहे, हे अमरावतीत आणि हरारेत सारखंच दिसलं.

संध्याकाळची मीटिंग

बिनपैशाचं आणखी एक दार म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (एए). अमेरिकेतल्या ॲक्रन गावी १९३५ मध्ये दोन दारुड्यांनी एकमेकांना सावरत ही चळवळ सुरू केली. १९५७ मध्ये ती भारतात आली आणि नागपुरातही तिचे गट आहेत. फी नाही, आडनाव सांगायचं नाही, रजिस्टर नाही. प्रवेशाची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. चहाचा आणि जागेचा खर्च सभासद आपसांत भागवतात. जुना सभासद नव्याचा ‘स्पॉन्सर’ होतो आणि रात्री अकराला तल्लफ आली तरी त्याला फोन लावता येतो. डॉक्टरकडे ही सोय सहसा नसते.

नुसत्या गप्पांनी दारू सुटते का, ही शंका रास्त आहे. कॉक्रेन संस्थेने २०२० मध्ये २७ अभ्यासांचा आढावा घेतला. वर्षभरानंतर पूर्ण कोरडे राहिलेले लोक एएच्या वाटेने नेणाऱ्या उपचारांत शेकडा ४२ आणि इतर मान्यताप्राप्त उपचारांत ३५ होते. घरच्यांसाठी ‘अल-ॲनॉन’ हा वेगळा गट असतो. नवरा पिणं सोडायला तयार नसला तरी बायकोने तिथे जायला हरकत नसते. घरात मारहाण होत असेल तर मात्र मीटिंगची वाट पाहू नये. १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक त्यासाठी आहे.

खासगी समुपदेशकाकडे जायचं असेल तर एक खबरदारी घ्यावी. ‘कौन्सिलर’ अशी पाटी कुणीही लावू शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची मात्र भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको. नैराश्याची नेहमीची बरीच औषधं जन-औषधी दुकानात स्वस्तात मिळतात. त्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरं वाटल्यावरही ती काही महिने चालू ठेवावी लागतात. दहाव्या दिवशी ‘फरक नाही’ म्हणून आणि दुसऱ्या महिन्यात ‘आता बरं आहे’ म्हणून गोळ्या सोडणारेच पुढे जास्त खर्चात पडतात.

नागपुरात स्वस्त मदत आहे, पण ती विखुरलेली आहे, हा या सगळ्याचा निष्कर्ष. शहरात दारं चार, तालुक्याला महिन्यातले मोजके दिवस आणि गावात कुणीच नाही, ही विषमता आशाताई आणि गावातल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांशिवाय मिटणार नाही. ‘विश्राम’ने ते करून दाखवून बरीच वर्षं लोटली, आता ते जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात दिसायला हवं.

तोवर वाचकाने आपल्या मोबाइलमध्ये एक नंबर साठवून ठेवावा: १४४१६. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. फोन रुग्णानेच करायला हवा असं नाही. आई, बायको, मित्र, शिक्षक कुणीही करू शकतं. काय होतंय, किती दिवसांपासून होतंय आणि माणूस कुठल्या तालुक्यात राहतो, एवढं सांगितलं की पुरतं. जीवाला धोका दिसत असेल तर आधी १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. दोन्ही सेवांना पैसे लागत नाहीत.